चिखल्या, ती ट्यूब आणि शेवटच्या दोन बोटांमधली फट

जुलै लागला की माझ्या मेडिकलच्या काउंटरसमोर लोक चपला काढून पाय दाखवायला लागतात. लावणीहून परतणाऱ्या बायका, दिवसभर गमबुटात असलेले बांधकामावरचे कामगार, रविवारी रसाळगड करून आलेली मुलं, शाळेच्या कबड्डी संघातली पोरं. ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली की दाभोळकडचे खलाशीही येतात. तक्रार बहुतेकांची एकच, चिखल्या. आणि मागणीही एकच: "ताई, ती ट्यूब द्या ना, एका रात्रीत खाज मरते ती."

चिपळूणला माझं औषधांचं दुकान आहे आणि सुट्टी मिळाली की मी सह्याद्रीत चालायला जाते. त्यामुळे ओल्या बुटात आठ-दहा तास राहिलेला पाय कसा दिसतो हे मला माहीत आहे आणि त्या पायावर लोक काय काय चोपडतात हेही. दरवर्षी प्रत्येकाला काउंटरवरून तेच समजावते, पण मागे रांग असते, बाहेर पाऊस असतो, ऐकणाऱ्याला घाई असते. म्हणून इथे सावकाश लिहिते आहे. माझं सांगणं एवढंच आहे की चिखल्यांवर स्वस्त, साधं आणि चांगलं औषध आहे, पण ते त्या स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबमध्ये नाही.

आधी हा आजार काय आहे ते बघू. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर, नखं आणि केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. काही बुरशा हे केराटिन खाऊन जगतात, चिखल्या त्यांच्यामुळेच होतात. ट्रायकोफायटन रुब्रम ही त्यातली पायावर सर्वांत जास्त सापडणारी. अंगावर गजकर्ण उठतं ते याच कुळातल्या बुरश्यांमुळे. ऊब, ओल आणि हवा न लागणारी जागा मिळाली की त्यांचं फावतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत बूट घालून हिंडणाऱ्या माणसाचा पाय क्वचितच पूर्ण कोरडा असतो.

सुरुवात बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधल्या फटीत होते. पायाची ही दोन बोटं एकमेकांना सर्वांत जास्त चिकटलेली असतात, तिथे वारा शिरतच नाही. कातडी पांढरी आणि लिबलिबीत होते, सोलून निघते, खाली लालसर ओली चीर दिसते. खाज येते, पाणी लागलं की चुरचुरतं. दुसरा प्रकार तळव्याचा. सगळा तळवा आणि टाचेच्या कडा कोरड्या, जाडसर, पीठ भुरभुरवल्यासारख्या दिसतात. याला फारशी खाज नसते, म्हणून लोक वर्षानुवर्षं त्याला भेगा समजून तेल चोळत राहतात. दोन्ही तळवे असे असतील आणि सोबत एकाच हाताचा तळवाही तसाच कोरडा सोलत असेल, तर बुरशीची शंका घ्यायलाच हवी. दोन पाय आणि एक हात अशी जोडी या बुरशीत नेहमी दिसते. तिसऱ्या प्रकारात तळव्याच्या खोलगट भागात पाण्याने भरलेले फोड येतात. तो तुलनेने कमी बघायला मिळतो.

पण पायाला झालेलं सगळंच काही बुरशी नसतं. गमबूट घालणाऱ्यांच्या तळव्यावर, विशेषतः टाचेवर आणि चवड्यावर, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात आणि पायांना असह्य वास येतो. तो जंतूंचा प्रताप असतो. त्यावर बुरशीचं मलम लावून उपयोग होत नाही, डॉक्टर जंतुनाशक मलम देतात. पावलाच्या वरच्या बाजूला, बरोबर सँडलच्या पट्ट्याच्या आकारात चट्टा उठला असेल तर रबराची किंवा चिकटवायच्या द्रव्याची ॲलर्जी असू शकते. आणि दिवसभर पाण्यात राहून नुसतीच भिजून पांढरी पडलेली कातडी कोरडं ठेवल्यावर एक-दोन दिवसांत आपोआप पूर्ववत होते. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ कातडीचा थोडासा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे तिथे स्पष्ट दिसतात. साधी तपासणी आहे, दुखत नाही.

आता ती ट्यूब.

त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. खाज आणि लाली ही आपल्या शरीराने बुरशीशी चालवलेल्या लढाईची खूण असते. स्टेरॉइड ती लढाईच बंद करतं. राखणदाराला झोपवून घर चोराच्या ताब्यात द्यावं, तसला हा प्रकार. रात्रीत खाज मरते हे अगदी खरं आहे. म्हणून तर माणूस शेजाऱ्यालाही त्याच ट्यूबचं नाव सांगतो. आठवडाभराने लावणं थांबवलं की खाज दुप्पट होऊन परत येते, मग पुन्हा ट्यूब. असं महिनोन्‌महिने चालतं. बुरशी पावलावरून घोट्यावर, तिथून जांघेत जाते. चट्ट्याची ठळक कड पुसट होते, त्यामुळे डॉक्टरांनाही पटकन ओळखता येत नाही. कातडी पातळ होते. जांघेत तर पोटावर बाळंतपणानंतर येतात तसे रुंद वण उमटतात आणि ते कायमचे राहतात. विशी-बाविशीतल्या मुलांच्या अंगावर हे वण बघितले की मला फार वाईट वाटतं, कारण यातलं काहीच व्हायला नको होतं.

ही एका गावाची गोष्ट नाही. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेली कित्येक वर्षं याच्याविरुद्ध आवाज उठवत आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ती मिळतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. याच काळात औषधांना दाद न देणारी एक बुरशी आपल्याकडे फोफावली. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिला ट्रायकोफायटन इंडोटिनिए हे नाव दिलं. नावातच आपला देश आहे. टर्बिनाफिन हे एरवी हुकमी औषध तिच्या अनेक वाणांवर चालत नाही. ती पायापेक्षा जांघेत, कमरेवर आणि अंगावर जास्त दिसते. पण पायावर वाटेल ते चोपडण्याची सवय आणि अंगावर चोपडण्याची सवय वेगवेगळी नसते.

म्हणून माझ्या दुकानात ती ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळत नाही. काही गिऱ्हाईकं रागावून पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत. एक काम मात्र प्रत्येकाने करावं: घरात जी ट्यूब पडली आहे तिच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचावं. नावाच्या शेवटी 'सोल' किंवा 'सोन' दिसलं, म्हणजे क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, तर ते स्टेरॉइड आहे. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल असं 'झोल'ने संपणारं नाव किंवा टर्बिनाफिन दिसलं तर ते बुरशीचं. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये असतील तर ती बाजूला ठेवा.

बोटांच्या फटीतल्या साध्या चिखल्यांसाठी मी दोनपैकी एक सुचवते. टर्बिनाफिन १ टक्का क्रीम, दिवसातून एक-दोनदा, एक ते दोन आठवडे. किंवा क्लोट्रिमॅझोल १ टक्का, दिवसातून दोनदा, चार आठवडे. क्लोट्रिमॅझोल खूप स्वस्त पडतं, पण चार आठवडे म्हणजे चार आठवडे. चौथ्या-पाचव्या दिवशी खाज थांबते आणि तिथेच निम्मे लोक सोडून देतात. वरची कातडी बरी दिसत असली तरी आतल्या थरात धागे शिल्लक असतात, ती कातडी पूर्ण बदलेपर्यंत औषध चालू राहायला हवं.

लावायची पद्धतही महत्त्वाची आहे, कारण चांगलं औषध ओल्या फटीत लावून वाया घालवणारे बरेच असतात. पाय साध्या साबणाने धुवा. मग जुन्या सुती साडीची किंवा धोतराची दोन बोटं रुंद पट्टी घ्या. टॉवेल त्या शेवटच्या फटीत जातच नाही, जाड असतो. पट्टी करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मधून सरकवा, दोन्ही टोकं धरा आणि हलकेच पुढेमागे ओढा. घासायचं नाही, फक्त ओल टिपायची. असं प्रत्येक फटीत. नंतर पाच-दहा मिनिटं पंख्याखाली पाय पसरून बसा. बोटं हाताने फाकवून बघितलीत आणि फटीतली कातडी चमकत नसेल, तर ती कोरडी झाली. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढं क्रीम बोटावर घेऊन पातळ पसरवा. चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. एकाच फटीत खाज असली तरी दोन्ही पायांच्या सगळ्या फटींत लावा. पांढरा थर दिसतो आहे म्हणजे जास्त झालं, तो थरच ओल धरून ठेवतो. हात साबणाने धुवा. पट्टी रोज धुऊन वाळवा आणि दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका.

फट अगदीच चिघळली असेल, पाणी सुटत असेल, तर क्रीम थेट लावलं की ते घसरतं आणि आग होते. अशा वेळी आधी पोटॅशियम परमँगनेटचं पाणी. एका लहान बादलीत दोन-चार खडे पूर्ण विरघळवायचे, रंग फिकट गुलाबी, जांभळा नको. जांभळं पाणी कातडी जाळतं. न विरघळलेला खडा कातडीला लागला तरी भाजतं. दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवायचे, दिवसातून एक-दोनदा, दोन-तीन दिवस. नखं आणि बादली तपकिरी होतील, हे आधीच सांगते. फट सुकली की क्रीम चालू करायचं.

घरगुती उपायांबद्दल विचारणाऱ्यांना मी उडवून लावत नाही, कारण आमच्या घरीही लावणीच्या दिवसांत रात्री सगळ्यांच्या पायांना मेंदी लागायची. मेंदीतल्या लॉसोन नावाच्या रंगद्रव्याचा प्रयोगशाळेत बुरशीवर परिणाम दिसला आहे, शिवाय मेंदी ओल शोषते, थंडावा देते. लावणी करून भिजलेल्या पायाला रात्री ताज्या पाल्याची मेंदी लावायला माझी ना नाही. पण मुरलेली बुरशी तिने जात नाही आणि रंग चढला की खालची लाली दिसेनाशी होते. बाजारातली काळी मेंदी तर अजिबात नको, तिच्यातल्या रसायनाने फोड येतात. कोकमतेल टाचांच्या भेगांना उत्तम, पण बोटांच्या फटीत कुठलंच तेल घालू नये, खोबरेल नाही, व्हॅसलीन नाही. तेलाने ओल आत कोंडते. हळद लावून मोजे पिवळे होण्यापलीकडे फार काही होत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने चिखल्या बऱ्या होतात असं गुहागरकडे सर्रास ऐकते. तसं असतं तर खलाशांना त्या झाल्याच नसत्या. वाळू फटीत अडकून चीर आणखी रुंदावते, तेव्हा किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्याने पाय धुऊन कोरडे करा. आणि कुणी बॅटरीतलं पाणी, रॉकेल असलं काही सुचवलं तर कृपा करून ऐकू नका.

आता ट्रेकवाल्यांसाठी. पावसाळ्यातल्या ट्रेकमध्ये पाय कोरडे ठेवणं शक्य नाही. वॉटरप्रूफ बुटात पाणी वरून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. म्हणून पाणी निथळून जाईल असे जाळीचे बूट मला बरे वाटतात. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, त्यापेक्षा पातळ सिंथेटिक किंवा लोकरी मिश्रणाचे मोजे बरे. दुपारी जेवायला थांबलं की बूट-मोजे काढायचे, मोजे पिळायचे, पाय पुसून जेवण होईपर्यंत उघडे ठेवायचे. मुक्काम असेल तर कोरड्या मोज्यांचा एक जोड दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत फक्त झोपण्यासाठी. त्याला सकाळी हात लावायचा नाही. सकाळी परत ते गार, ओले मोजेच चढवायचे. नको वाटतं, पण रात्रीचे सात-आठ तास पाय कोरडा राहिला तर कातडी सावरते. घरी आल्यावर बुटातली आतली गादी वेगळी काढा, बुटात रद्दीचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्यासमोर ठेवा. जुलैत आमच्याकडे एका दिवसात बूट वाळत नाहीत, म्हणून शक्य असेल त्याने दोन जोड आलटून पालटून वापरावेत. मोजे उलटे करून धुवा, मशीन असेल तर ६० अंशांवर, नाहीतर बंबातल्या कढत पाण्यात भिजवून. अँटिफंगल पावडर बरी आहे, पण ती कोरड्या पायावर. ओल्या फटीत पावडरीचे गोळे होतात आणि तेच टोचतात. पावडर हा प्रतिबंध आहे, झालेल्या चिखल्यांचं औषध नव्हे. पायाला चिखल्या असतील तर कपडे घालताना आधी मोजे घाला, मग अंतर्वस्त्र. पावलावरची बुरशी जांघेत जाते ती कित्येकदा अशी, कपड्याच्या कडेला लागून.

आणि घरातलं गोणपाट. आपल्याकडे पडवीत दारासमोर गोणपाट टाकलेलं असतं आणि जूनपासून गणपतीपर्यंत ते कधीच वाळत नाही. घरातली सगळी माणसं, आले-गेले पाहुणे त्यावर पाय पुसतात. बुरशी पसरते ती सोलून पडलेल्या कातडीच्या कणांतून, ओल्या जागेवरून. घरात एकाला चिखल्या झाल्या आणि महिन्याभरात चौघांना झाल्या, तर आधी या गोणपाटाकडे बघा. दोन-तीन तुकडे करून आलटून पालटून वाळवा, किंवा पाय पुसायला प्रत्येकाचं वेगळं फडकं ठेवा. शाळेच्या संघात पोरं एकमेकांचे बूट, मोजे, टॉवेल सर्रास वापरतात. क्रीडाशिक्षकांनी एवढं एक बंद करायला लावलं तरी खूप फरक पडतो. दोघांना औषध चालू असेल आणि तिसरा न सांगता खाजवत असेल, तर तिघांनाही पुन्हा होतं.

हे सगळं लिहिताना मला २०२१ सालचा जुलै आठवतो. २२ तारखेला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर सगळं शहर कित्येक दिवस चिखलात उभं होतं. दुकानं, घरं, गाळ उपसणं, आणि पायात जे मिळेल ते. त्या दिवसांत मी जे पाय बघितले ते विसरणं शक्य नाही. चिखल्यांना तेव्हा कोण विचारतो, माणसांचं घरदार गेलं होतं. पण बोटांमधली ती चीर म्हणजे कातडीत उघडं राहिलेलं दार आहे. तिथून जंतू शिरले की पाय सुजतो, लाल होतो, गरम लागतो, थंडी वाजून ताप येतो. याला सेल्युलायटिस म्हणतात आणि त्यासाठी लगेच प्रतिजैविकं लागतात, कधी रुग्णालयात राहावं लागतं. कोकणात तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचीही धास्ती असते. उंदीर-गुरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात आलेले जंतू अशाच चिरांमधून शरीरात जातात. म्हणून शेतात किंवा पुराच्या पाण्यात जाण्याआधी पायावर जखम असेल तर गमबूट घाला. पाण्यात काम केल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर घरी गोळ्या घेत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि पाण्यात उतरला होतात हे आपणहून सांगा. आरोग्य कर्मचारी लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या द्यायला आले तर त्यांचं ऐका.

मधुमेह असलेल्यांनी चिखल्यांवर घरी प्रयोग करूच नयेत. पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे चीर खोल गेलेली कळत नाही. रोज रात्री दिव्याखाली बोटांच्या फटी बघाव्यात, वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला बघायला सांगावं. चीर दिसली की डॉक्टर. लहान मुलं, गरोदर बायका, तळव्याचा जाड कोरडा प्रकार, फोड, पू, किंवा औषध नियमित लावूनही दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसणं, या सगळ्यांनाही मी क्रीम न देता डॉक्टरांकडे पाठवते. पोटात घ्यायच्या इट्राकोनॅझोल, टर्बिनाफिनच्या गोळ्या मागणारेही येतात, मित्राने घेतल्या म्हणून. या गोळ्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि इट्राकोनॅझोलचं अनेक औषधांशी वाकडं आहे. त्या डॉक्टरांनी तपासून, गरज असेल तर रक्त तपासून द्यायच्या असतात.

राहता राहिली नखं. दरवर्षी पावसाळा आला की चिखल्या हमखास परत येतात असं सांगणाऱ्यांना मी आधी नख दाखवायला सांगते. बहुधा अंगठ्याचं नख पिवळट, जाड, कडेने भुगा झालेलं असतं. बुरशी वर्षभर तिथे मुक्काम करते आणि पहिल्या पावसात फटीत उतरते. नखाच्या आत क्रीम पोचत नाही. त्यासाठी डॉक्टर गोळ्या देतात, पायाच्या नखांना साधारण १२ आठवडे, आणि नवीन नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. अशा नखाचं नेलकटर वेगळं ठेवा. ऑक्टोबरमध्ये कडक ऊन पडलं की पावसाळ्यातले बूट गादी काढून दोन-तीन दिवस उन्हात टाका, मगच पिशवीत भरून माळ्यावर ठेवा. आतली गादी पुढच्या जूनआधी नवीन घाला, बूट जुने असले तरी चालतील.